दोन मानांचं जू

माझा उजवा हात मागे जात नाही. वर जातो, पुढे जातो, खडू घेऊन फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतही पोचतो. पण मागे न्यायला गेलं की अडकलेल्या दारासारखा मध्येच थांबतो. जळगावच्या शाळेत गणित शिकवायला त्याने काही अडत नव्हतं. शर्टाची दुसरी बाही चढवताना अडायचं, पाठ पुसताना अडायचं, आणि सगळ्यात जास्त अडायचं ते संध्याकाळी व्यायामशाळेत. वजनाचा दांडा खांद्यांवर घेऊन बैठका मारायच्या तर तो मानेमागे दोन्ही हातांनी धरावा लागतो. माझा एकच हात तिथे पोचायचा.

हे झालं लुनावरून पडल्यामुळे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. नशिराबादकडून येताना हायवेवर एक म्हैस निवांत आडवी आली. मी लुनासकट रस्त्यावर पडलो आणि ती शेपूट हलवत पलीकडच्या शेतात निघून गेली. त्या म्हशीचा मला आजही राग आहे.

जो तो म्हणायचा, सोडा ना मग बैठका. चाळिशी जवळ आली, आता कुठे कुस्ती मारायची आहे? बायको म्हणायची, शाळेतले सर म्हणायचे, लुना दुरुस्त करणारासुद्धा म्हणाला. मी कोणाला उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर द्यायला मला लाज वाटायची. खरं उत्तर माझे वडील होते.

आबांचे गुडघे पन्नाशीतच गेले. कापसाची भरलेली झोळी एकट्याने गाडीत टाकणारा माणूस, पण शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी ओट्यावरच्या बाजेवर काढली. बसले की बसले. उठायचं झालं की घराकडे तोंड करून हाक मारायचे, "कोणी शे का रे? उठाड रे माले." घरात असेल तो धावायचा. मी गावी असलो की मी. त्यांच्या काखेत हात घालून मी त्यांना उभं करायचो आणि तेवढा वेळ ते माझ्याकडे बघायचे नाहीत, समोरच्या घराच्या पत्र्यांकडे बघत राहायचे. पाहुण्यांसमोर ती हाक मारावी लागू नये म्हणून ते तासन्‌तास ताटकळत बसायचे, हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्यासारखेच माझेही गुडघे जिना चढताना कुरकुरायला लागले होते. बैठकांनी ते धरून ठेवले होते, निदान माझी तशी समजूत होती. म्हणून बैठका सोडायला मी तयार नव्हतो.

आमची व्यायामशाळा म्हणजे एका बंद पडलेल्या जिनिंग गिरणीच्या मागची पत्र्याची शेड. आत लाल माती, मारुतीची तसबीर, दोन मुदगल, दांडा ठेवायला वरखाली खाचा पाडलेले, ओढून सरकवता येणारे दोन लाकडी खांब आणि एकच दांडा. मारुतीच्या शेजारी, भिंतीपाशी पत्र्याच्या खुर्चीवर वस्ताद बसायचे. साठी ओलांडलेला माणूस, पण छाती अजून दारासारखी. कोण किती वाकतो, कोण श्वास कुठे सोडतो, हे सगळं ते खुर्चीतून बघायचे आणि पोरांच्या बैठका मोठ्या आवाजात मोजायचे. त्यांच्या तोंडून 'एक' निघाला की पोरगं खाली जायचं. शेड बंद करायचं कामही त्यांचंच. आम्ही कपडे बदलून निघालो तरी ते बसून असायचे. "जा रे तुम्ही, मी कुलूप लावस," म्हणायचे.

माझा हात मागे जात नाही हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी दांड्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"दांडा सरळ शे. तू वाकडा व्हयना. दांडाना काय दोष?"

पोरं हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण वस्तादांना उलट बोलायची तिथे पद्धत नव्हती.

मी धुळ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. सकाळच्या गाडीने जायचं, नंबर लावायचा, दुपारी आत जायचं. त्यांनी हात थोडा मागे ओढला, मी ओरडलो. हा आता एवढाच राहणार, वजनं बंद करा आणि फिरायला जात जा, असं सांगून त्यांनी पुढच्याला बोलावलं. फिरायला! खानदेशातल्या मे महिन्यात चार पायांचं जनावरसुद्धा फिरायला जात नाही. मी खोलीबाहेर येऊन चपला घालेपर्यंत त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होतो.

जळगावला परत आल्यावर एका खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. काचेआड कॅरम, बॅटी, शटल. मी दुकानदाराला नीट समजावून सांगितलं, की हात मागे जात नाही आणि दांडा खांद्यांवर घ्यायचा आहे, सांध्याला त्रास होणार नाही असा काही प्रकार असतो का? त्याने मान डोलावली, आत गेला आणि नागमोडी वळणांचा एक आखूड दांडा घेऊन आला.

"सांध्यासाठीच असतो सर हा. बाहेरच्या देशात हाच चालतो."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तो सांध्यासाठीच होता, पण मनगटाच्या. दंडाची बेटकुळी फुगवताना मनगट पिळू नये म्हणून त्याला ती वळणं. माझ्या खांद्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. हे मला घरी येऊन कळलं, आणि दुकानदार परत घेईना. व्यायामशाळेत नेला तर वस्ताद म्हणाले, "मास्तर, हाऊ साप कोठेन लई वना?" पोरांना मात्र तो फार आवडला. त्यांनी तो असा काही पळवला, की पुढे कधी माझ्या हातालाच लागला नाही.

पुन्हा धुळ्याला गेलो तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून स्टँडजवळच्या रद्दीच्या दुकानात शिरलो. तिथे मुखपृष्ठ नसलेलं एक परदेशी मासिक सापडलं. आत एका पानावर तीन जगावेगळ्या दांड्यांची चित्रं. पहिला आमचा साप. दुसरा म्हणजे लोखंडाची एक षटकोनी चौकट. माणूस तिच्या मधोमध उभा राहून दोन्ही बाजूंच्या मुठी धरून ती उचलतो. तिसऱ्या दांड्याला मधोमध दोन गादीदार बाहू होते. दांडा मानेमागे टेकायचा, बाहू दोन्ही खांद्यांवरून पुढे यायचे आणि त्यांच्या टोकाच्या मुठी छातीसमोर धरायच्या. हात मागे न्यायचाच नाही! मी रद्दीवाल्यासमोर मोठ्याने "अरे!" म्हणालो. मापं ज्या कोपऱ्यात दिली होती तो कोपरा नेमका फाटलेला होता.

दुसरा की तिसरा, हे घरी ताडून बघितलं. चौकटीसाठी रॉकेलचे दोन रिकामे डबे धुऊन पाण्याने भरले आणि दोन्ही हातांत घेऊन उभा राहिलो. कंबर खूश, पण खांदा असा ओढला गेला की डोळ्यांत पाणी आलं. चौकट बाद. तिसऱ्यासाठी मानेमागे लोड घेतला, त्याला दोन लाटणी बांधून छातीसमोर धरली आणि स्वयंपाकघराच्या दारात बैठका मारायला लागलो. खांदा चूप. एक शब्द बोलला नाही. बायको पाण्याची कळशी घेऊन दारात उभी.

"अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"फार बरं वाटतंय," मी म्हणालो. ते अगदी खरं होतं.

दांडा ठरला, आता बनवायचा कोणी? जळगावच्या वेल्डिंगवाल्यांनी माझा अंत पाहिला. एक म्हणाला, खिडक्यांच्या जाळ्या सोडून काही करत नाही. दुसरा म्हणाला, पुढच्या आठवड्यात या, आणि तो आठवडा काही संपला नाही. तिसऱ्याने विचारलं, हे उचलून शेवटी खालीच ठेवायचं ना?

शेवटी धुळ्यालाच, हायवेच्या कडेला, शेतीची अवजारं बनवणारे एक चाचा भेटले. त्यांच्या दुकानापुढे लोखंडी नळ्यांची बैलांची जुवं ओळीने उभी होती. ती बघून मला एकदम हायसं वाटलं. मानेवर घ्यायचं लोखंड या माणसाला समजणार! मासिकाला तेलकट हात लागू नयेत म्हणून मी ते पिशवीतून काढलंच नाही. खडू माझ्या खिशात असतोच. फरशीवर मधली रेघ मारली आणि चित्राची उजवी बाजू काढली. एक बाहू, त्यावर गादी, पुढे मूठ. वर्गात सममित आकृती आम्ही अशीच काढतो, दुसरी बाजू पोरांनी समजून घ्यायची.

"दुसरी बाजू अशीच," मी म्हणालो. "जूसारखं समजा, चाचा."

"समजलं," चाचा म्हणाले. आणि त्यांना खरंच समजलं होतं.

सांगितलेल्या दिवशी मी घ्यायला गेलो. श्रावण सरत आला होता. दुकानापुढे माझा दांडा भिंतीला टेकून उभा होता आणि तो माझ्यापेक्षा बराच उंच होता. एका टोकाकडे एक गादीदार खोबण, तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेल्या मुठी. दुसऱ्या टोकाकडे तशीच दुसरी खोबण आणि तशाच मुठी. मध्ये एक माणूस सहज मावेल एवढं अंतर. मी काढलेल्या एका बाहूची चाचांनी एक अख्खी मान केली होती. दुसरी बाजू अशीच म्हटल्यावर दुसरी मानही.

"चाचा, हे काय?"

"जू."

"अहो, एका माणसासाठी सांगितलं होतं मी!"

"मास्तर, जू म्हटलं की दोन माना. एका बैलाचं पाहिजे होतं तर तसं बोलायचं ना."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण काम इतकं सुरेख होतं! गादीत काथ्या भरून वरून जाड कातडं शिवलेलं, मुठी घासून गुळगुळीत केलेल्या, टोकांना वजनाच्या प्लेटा बरोबर बसतील अशी जाडी. वेल्डिंगचा एक थेंब कुठे वर आलेला नाही. चुकीची वस्तू एवढी चांगली बनवलेली बघून जास्तच चिडायला होतं.

एसटीच्या टपावर ते चढवताना कंडक्टर वैतागला, मग हसायला लागला. गाडीत मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "भाऊ, जू टपवर शे, बैल कोठे शेतस?"

"एक मी," मी म्हणालो. "दुसरा शोधतोय."

सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. जळगाव येईपर्यंत माझं ठरलं होतं. करवतीने मधोमध कापायचं, अर्ध्या भागाला नवं टोक लावून घ्यायचं. तोपर्यंत रिकामंच खांद्यावर घेऊन बघायचं. दुसरी मान मोकळी राहिली तर राहू दे.

हातगाडीवर घालून व्यायामशाळेत नेलं तर पोरं गावी जायच्या गडबडीत. बरीचशी आसपासच्या खेड्यांतली, शिकायला जळगावात खोल्या करून राहिलेली. दुसऱ्या दिवशी पोळा होता. मी जू खांबांच्या खाचांवर ठेवलं, खाली मान घातली, मुठी धरल्या आणि खुर्चीतून आवाज आला.

"मास्तर! काढ मान. आज खांदमळणी शे. आज जू खांदावर ठेवतस नही."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात आणि त्यांच्यावर जू ठेवत नाहीत, हे मला माहीत होतं. लहानपणी मीच आबांबरोबर मळायचो. पण मी बैल नव्हतो, तो दांडा होता आणि त्याच्यासाठी मी धुळ्याच्या चकरा मारून मारून मेटाकुटीला आलो होतो!

"वस्ताद, हे बैलांचं नाही, माणसांचं आहे."

"जू ते जू. काढ."

पोरंही त्यांच्याच बाजूची. एकाने तर माझ्या खांद्यावरून ते अलगद उचललं, मारुतीखाली नेऊन ठेवलं आणि वस्तादांच्या सांगण्यावरून त्याला हळदकुंकू लावलं. मी घरी जाऊन बायकोवर ओरडलो. म्हणालो, बैलाचा खांदा निदान वर्षातून एकदा तरी तुपाने मळतात, माझा खांदा कोणी विचारला का? तिने शांतपणे खोबरेल तेलाची बाटली आणून समोर ठेवली. मी तिला हात लावला नाही.

पोळा झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेतून भर दुपारी सुटलो आणि शेजाऱ्याची करवत घेऊन सरळ व्यायामशाळा गाठली. कोणी नसताना कापून मोकळं व्हायचं होतं. सकाळची तालीम कधीच संपली होती, तरी शेडचं दार उघडंच होतं. आत फक्त वस्ताद, त्यांच्या खुर्चीवर. त्यांनी मला बघितलं नाही.

त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर रोवले, पुढे झुकले आणि उठायला गेले. थोडे उठले. पाय थरथरले. परत बसले. मग भिंतीतल्या खुंटीला हात घातला, पुन्हा तेच. किल्ली खाली मातीत पडली होती आणि तिच्याकडे ते बघत होते. माझी चप्पल वाजली तसे एकदम ताठ झाले, जसे काही आताच येऊन बसले आहेत.

मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. मान वळवली आणि मारुतीच्या तसबिरीकडे बघत राहिले.

आबांच्या ओट्यासमोरचे पत्रे मला तिथे लख्ख दिसले. इतकी वर्षं या खुर्चीसमोर मी घाम गाळत होतो आणि हा माणूस खुर्चीतून उठताना मी एकदाही पाहिला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

"केव्हापासून, वस्ताद?"

ते तसबिरीकडेच बघत म्हणाले, "मन्हा गुडघा ऐकतस नही. बठ्ठा पोरेसले घर धाडस, मंग भिंत धरीसन उठस. आज भिंतबी ऐकत नही."

कुलूप लावायच्या निमित्ताने ते रोज सगळ्यांच्या मागे का राहायचे, ते आता कळलं. किल्ली उचलून दिली. करवत माझ्या हातातच होती. ती त्यांनी बघितली, मग मारुतीखालचं जू बघितलं.

"नको कापू ते," वस्ताद म्हणाले. "दुसरी मान मन्ही."

लाकडी खांब ओढून मी त्यांच्या खुर्चीजवळ आणले, उभ्याच्या ऐवजी बसल्या माणसाच्या खांद्याला लागतील अशा खालच्या खाचांवर जू ठेवलं. एक मान त्यांची, खुर्चीत बसल्या बसल्या. दुसरी माझी, अर्ध्या बैठकीत. माझ्या बाहेरच्या टोकाला प्लेटा चढवल्या, म्हणजे माझी मान टेकू होऊन त्यांची बाजू वर उचलली जावी. एवढं गणित मला येत होतं. मुठी छातीसमोर होत्या, माझा हात मागे जायची गरजच नव्हती आणि खांदा गप्प होता. इतके महिने ज्याच्यासाठी मी जगाशी भांडलो ती गोष्ट घडत होती, आणि माझं तिकडे लक्षही नव्हतं.

"वस्ताद, तयार?"

त्यांनी मुठी घट्ट धरून त्यांच्यावर अंगाचा भार टाकला. मी पायांत जोर भरला. लोखंडातून त्यांचं वजन माझ्या मानेवर आलं. आधी बरंचसं आलं, मग हळूहळू कमी होत गेलं, कारण त्यांचेही पाय जोर लावायला लागले होते. खुर्ची करकरली. त्यांच्या तोंडून एक दबका हुंकार निघाला. आणि आम्ही उभे होतो, दोघं, एका लोखंडाखाली.

जुवाखाली मान फारशी वळत नाही. तरी त्यांनी वळवली, मारुतीकडून माझ्याकडे. डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"मोज रे मास्तर," ते म्हणाले. "आते तू मोज."

"एक," मी म्हणालो. तोवर ते परत खुर्चीकडे खाली जायला लागले होते, आणि जू एकच असल्यामुळे मलाही त्यांच्याबरोबर जावं लागलं.